डबल बेल

डायवरमामा जेवायला बसले, की ताटावर दोनदा चमचा वाजल्याशिवाय पहिला घास घेत नसत. भाकरी गरम असो, भूक लागलेली असो, मांडीवर हात ठेवून समोर बघत बसायचे. मी चुलीपासून उठून यायचे आणि त्यांच्या ताटाच्या कडेवर चमचा वाजवायचे. टण टण. मग डाव्या हातानं गिअर टाकल्यासारखं करून ते भाकरी मोडायचे. एकदा मी विसरले आणि मागच्या अंगणात धुणं वाळत घालायला गेले. परत आले तर मामा तसेच बसलेले आणि वरण गार होऊन त्याच्यावर पापुद्रा आलेला.

"मामा, जेवला न्हाईत?"

"घंटी कुटं दिलीस?"

एसटी चालवण्यात त्यांची बत्तीस वर्षं गेली होती. त्यांचं नाव काशिनाथ होतं, पण ते रेशनकार्डावरच. बोरीत सगळे त्यांना डायवरमामा म्हणायचे. आपलं सगळं शहाणपण ते एका वाक्यात सांगायचे : "एक बेल म्हणजे थांब, दोन बेल म्हणजे चल. तिसरं काई जगात न्हाई." कंडक्टरची डबल बेल झाली, की गाडी सुटली. मग मागून कोणी हाका मारल्या तरी पुढच्या थांब्यापर्यंत ती थांबायची नाही. एकदा खुद्द सरपंच स्टँडच्या पुढं पन्नास पावलांवर हात करून उभे होते. मामांनी त्यांच्याकडं बघून मान हलवली, नमस्कार केला आणि गाडी तशीच नेली. सरपंच दोन वर्षं बोलत नव्हते. मामा म्हणायचे, "बेल झाली होती. मी काय करू?"

आमची आणि त्यांची भिंत एकच. मामी वारल्यावर त्यांच्या मुलीनं, वैशालीनं, मला सांगितलं की दोन वेळचं मामांचं तेवढं बघ. मी बघू लागले. मला माणसांत बोलता येत नाही. चार माणसं समोर असली की माझा आवाज पोटात जातो. मामांच्या घरात बरं होतं. तिथं बोलायचं काम मामांचं आणि चमचा वाजवायचं काम माझं.

वैशाली त्यांची एकुलती एक. इंजिनिअर झाली आणि पुण्यात एका लहानशा कंपनीत खेळ तयार करू लागली. मोबाईलवर, कॉम्प्युटरवर खेळतात ते खेळ. मामांना हे अजिबात पटलं नव्हतं. "लोकाच्या पोरी तहसीलदार व्हायल्यात, आन आमची गोट्या घडवायली," असं ते मला म्हणायचे. गावात कोणी विचारलं, तर "कंपूटरमदी हाय" एवढंच सांगून पटकन पावसापाण्याची चौकशी करायचे. दर रविवारी तिचा फोन यायचा. मी भांडी घासताना ऐकायचे.

"जेवलीस का?"

"जेवले. तुमी?"

"जेवलो. तिकडं पाऊस हाय का?"

"न्हाई."

"बरं. ठेवतो."

एवढ्या चार वाक्यांसाठी ते सकाळपासून फोन उशाशी घेऊन बसलेले असायचे, हे मी तिला कधी सांगितलं नाही. मी कोणालाच काही सांगत नाही.

एका उन्हाळ्यात वैशाली आली ती मोठं खोकं घेऊन. त्यात डोळ्यांवर बांधायचा एक काळा डबा होता आणि दोन हातांत धरायच्या दोन मुठी. डबा बांधला की आपण दुसऱ्याच जागी जातो. मान फिरवली की तिथलं दिसतं. मुठी धरून हात हलवला, की तिथंही आपला हात हलतो. आत जे दिसतं ते बाहेरच्याला टीव्हीवर बघता येतं. तिच्या कंपनीनं मराठीत एक खेळ केला होता. त्याचं नाव 'आभाळफेरी'. हजार वर्षांनंतरची गोष्ट. आभाळात लोखंडी गावं तरंगत असतात आणि ती एकेक करून मोडायला लागलेली असतात. आपण एक यान चालवायचं, अडकलेली माणसं गोळा करायची आणि लांबच्या मोठ्या गावाला नेऊन सोडायची.

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे एसटीच की ही."

वैशालीनं तोंड दुसरीकडं फिरवलं. हसली की काय, मला दिसलं नाही. मग म्हणाली, "पप्पा, बाजारात काढायच्या आधी पाच जणांचं मत पायजे. जन्मात खेळ न खेळलेली माणसं पायजेत. चार मिळाली. पाचवे तुमी."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"तेच पायजे आमाला."

पंधरा दिवसांत अभिप्राय लिहून पाठवायचा होता. प्रश्नांचे छापील कागद ती ठेवून गेली. निघताना उंबऱ्यात उभी राहिली आणि मामांकडं न बघता चपलेचा पट्टा लावत म्हणाली, "आवडला न्हाई तर न्हाई म्हणा. पण खेळून म्हणा. न खेळता लय वर्षं म्हणलात." ती गेल्यावर मामांनी ते खोकं धुतलेल्या पंच्यानं पुसून ठेवलं.

पहिल्या दिवशी मामांनी अंघोळ केली, खाकी शर्ट घातला आणि खुर्चीवर बसून डबा बांधला. मी टीव्हीपुढं. पडद्यावर चकचकीत यान उभं होतं. मामा खुर्चीवरून उठले आणि यानाभोवती फिरू लागले. म्हणजे खोलीत फिरू लागले. त्यांनी एकदम लाथ मारली ती कपाटाला लागली.

"मामा, काय करायलात?"

"टायर बगायलोय. हवा हाय का न्हाई ते नको का बगायला?"

"त्याला टायर न्हाईत."

"मंग ब्रेक कशाला लागतो?"

मामा आत बसले. यानातून एका बाईचा गोड आवाज आला, "कप्तान, आपले स्वागत आहे. कृपया उजवा हात पुढे करा." मामांनी हात पुढं केला आणि म्हणाले, "बाई, कप्तान नको म्हणू. डायवर म्हण." ती बाई ऐकणारी नव्हती. "कप्तान, निघण्याची वेळ झाली आहे," ती म्हणाली. मामा बसून राहिले. तिनं पुन्हा सांगितलं. मामा मांडीवर मुठी ठेवून समोर बघत बसलेले. पडद्यावर लोखंडी गावाचे खांब पडायला लागले, लाल दिवे लागले, भोंगा वाजायला लागला आणि यानासकट सगळं जळून गेलं.

"मामा, निघायचं होतं!"

"घंटी कुटं दिली कुणी?"

तेव्हापासून मी ताट आणि चमचा घेऊन त्यांच्या मागं पाटावर बसू लागले. यान सुटायच्या वेळी टण टण, माणूस घ्यायला थांबायचं असलं की टण. मामा मला कंडक्टर म्हणू लागले. बत्तीस वर्षं ज्यानं घंटीवर पाय हलवला, त्याला आभाळातही घंटी लागते. त्या बाईनं शंभर वेळा "निघा, निघा" म्हटलं तरी काय उपयोग? "तिचं काम बोलायचं हाय," मामा म्हणायचे. "ती काई मागं वळून बगत न्हाई. कंडक्टर बगतो."

तिसऱ्या दिवशी मामांना उलटी झाली. यान गरगर फिरलं आणि मामा डबा काढून मोरीकडं पळाले. जन्मभर उलटी करणाऱ्या प्रवाशांना हसलेला माणूस. "जरा खिडकीकडं तोंड कर की रे, घाटात काय जेवून बसतो का?" असं ते पूर्वी म्हणायचे, ते मी स्वतः ऐकलं होतं. मी त्यांना लिंबू चिरून दिलं. पण माझ्या तोंडावर हसू दिसलं असावं. ते म्हणाले, "हस, हस. डायवरला उलटी झाल्याली पहिल्यांदाच बगायलीस तू." दुसऱ्या दिवसापासून खुर्चीच्या दांडीला पिशवी बांधलेली असायची.

पलीकडच्या शेजारणीनं, चंद्रकलाबाईंनी, एकदा भिंतीवरून डोकावलं. डोळ्यांना डबा बांधून म्हातारा हवेत स्टेरिंग फिरवतोय आणि मागं मी ताट वाजवतेय, हे त्यांनी बघितलं. संध्याकाळपर्यंत गावात झालं की डायवरमामाला काहीतरी लागलंय आणि सुमन ते उतरवायलीय. मला चार दिवस आडावर जायची लाज वाटली. मामा खूष. "सांग त्यांला, आभाळातल्या गाडीवर ड्युटी लागलीय म्हणून."

अभिप्राय लिहायचं कामही माझ्यावर आलं. मामांना लिहिता येत होतं, पण डबा बांधल्यावर दिसायचं नाही आणि काढल्यावर आठवायचं नाही. मी म्हटलं, माझं शिक्षण चौथी. मामा म्हणाले, "तुझं अक्षर तिकिटावानी हाय, चौकोनी. वाचता येतं. लिही." मग ते चालवता चालवता बोलायचे आणि मी एका हातात चमचा, एका हातात पेन धरून लिहायचे. त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं. ती वही अजून माझ्याकडं आहे.

"स्टेरिंगला वजन न्हाई. हात फिरवला की गाडी फिरती. खऱ्या गाडीला आपली ताकद कळती, हिला कळत न्हाई."

"गिअर पडला का न्हाई ते हाताला समजत न्हाई. कानाला समजतं. ते बरं न्हाई."

"रस्त्याला एक खड्डा न्हाई. बिनखड्ड्याचा रस्ता म्हंजे खोटा रस्ता. डायवरला झोप लागंल."

"आरसा लय चांगला केलाय. आरसा करणाराला गाडी कळती."

हे शेवटचं सांगताना त्यांनी यान सावकाश केलं होतं. मी विचारलं, "आरसा वैशालीनं केला का?" ते म्हणाले, "मला काय म्हाईत? तू लिही."

दहाव्या दिवशी शेवटची फेरी आली. शेवटचं गाव मोडायला लागलेलं असतं, यान माणसांनी भरलेलं असतं आणि बाई ओरडत असते, "कप्तान, तत्काळ निघा." मी टण टण केलं. मामांनी यान सोडलं. तेवढ्यात टीव्हीच्या कोपऱ्यात, आरशात, मला कोणीतरी दिसलं. पांढऱ्या कपड्यातलं लहानसं माणूस हात वर करून यानामागं पळत होतं. त्याच्या दुसऱ्या हातात चांदीसारखा एक डबा होता. ते लहान लहान होत गेलं आणि मागचं सगळं आगीत गेलं. मग बाजा वाजला आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं : अभिनंदन, मोहीम यशस्वी.

मी टाळी वाजवली. मामांनी डोळ्यांवरचा डबा काढला, मुठी खाली ठेवल्या आणि जेवायला बसले. मी चमचा उचलायच्या आत त्यांनी घास घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला काहीतरी चुकल्यासारखं झालं, पण विचारायचं कसं हे मला समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तेवढीच शेवटची फेरी लावली. पुन्हा जिंकले. परत लावली. तीन दिवस दुसरं काही नाही. यान सुटायचं, आरशात ते माणूस पळायचं, हात वर करायचं, मागं पडायचं. अभिनंदन. मामांचं लक्ष समोर असायचं. मला वाटायचं, यांना आरशातलं दिसत नसेल. मग मला वाटायला लागलं, की दिसतंय. कारण त्या वेळी दर खेपेला त्यांची मान थोडी डावीकडं व्हायची, आणि लगेच सरळ व्हायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी टण टण केलं आणि यान सुटलं. ते माणूस पळायला लागलं. मामांची मान वळली. आणि माझ्या हातानं चमचा वाजवला. एकदाच. टण.

मामांचा उजवा पाय फरशीवर असा दाबला गेला, की खुर्ची मागं सरकली. त्यांनी दांडा ओढला, दार उघडलं आणि हात बाहेर काढला. ते माणूस पळत पळत दारापर्यंत आलं. मामांचा हात त्याच्या हाताला लागायच्या आत पडदा पांढरा झाला. मोहीम अयशस्वी.

मामांनी डोळ्यांवरचा डबा काढला नाही. मग म्हणाले, "बेल कुणी दिली?"

"मी." मला वाटलं, आता ओरडतात.

"त्या दिवशी तू पायजे होतीस कंडक्टर."

मग त्यांनी सांगितलं. डबा डोळ्यांवरच होता, म्हणून सांगता आलं असावं. तेव्हा त्यांची ड्युटी जिंतूर-परभणी होती. दुपारची गाडी बोरीच्या स्टँडवर आली, की शाळेच्या मधल्या सुट्टीत वैशाली त्यांचा जेवणाचा तीन ताळी डबा, एकावर एक तीन कप्प्यांचा, घेऊन उभी असायची. नऊ-दहा वर्षांची असेल. तिला त्या कामाचा मोठा गर्व होता, डबा ती मामीलाही नेऊ द्यायची नाही. एक दिवस मधली सुट्टी उशिरा झाली. गाडीही उशिरा आली होती. कंडक्टरनं डबल बेल दिली. मामांनी गाडी सोडली. आरशात बघितलं तर वैशाली पळत येत होती, एक हात वर करून.

"कंडक्टरला दिसली न्हाई. तो पैसे मोजत होता. मला दिसली. पण बेल झाली होती. पाय ब्रेकवर गेला न्हाई माझा. सरपंचासाठी थांबलो नव्हतो, मंग पोरीसाठी थांबलो तर गाव काय म्हणंल? हे आलं बग मनात. मंग ती पडली. डबा रस्त्यावर सांडला. तेबी दिसलं."

"मग?"

"मंग काय? दुसऱ्या दिवसापासून ती आली न्हाई. तिच्या मायला म्हणली, माझा गुडगा दुखायलाय. तिचा गुडगा अजून दुखायलाय, कंडक्टर."

त्या संध्याकाळी त्यांनी अभिप्रायाचं शेवटचं पान सांगितलं. "खेळ चांगला हाय. मन लावून केलाय. पोरीनं गोट्या घडवल्या न्हाईत, हे म्या खेळून सांगतो. पण शेवट बदला. जो थांबला त्याची गाडी जळती आन जो सोडून गेला त्याचं अभिनंदन, ह्यो कायदा बराबर न्हाई. जरा येळ द्या. माणूस चढू द्या. यानात एक घंटी बांधा. मला ती आरशात दिसली होती."

मी लिहिलं. मी पेन खाली ठेवायच्या आत मामा म्हणाले, "ते शेवटचं खोड."

मी खोडलं. एकच बारीक रेघ मारली. वाचता येईल अशी. मग मामांनीच फोनवर फोटो काढले आणि चष्मा नसल्यामुळं न वाचता पाठवून दिले.

वैशालीचा फोन आला नाही. रविवारीही नाही. मामा अंगणात फेऱ्या मारत होते आणि मी भाकरी करपवत होते, कारण गुन्हा माझा होता. सोमवारी दुपारच्या गाडीनं ती आली. बॅग ठेवली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "पप्पा, मला तसलं काई आठवत न्हाई."

"कसलं?"

"डब्याचं. गाडीचं."

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी ताट घासायला घेतलं.

"मंग आरशात पळणाऱ्याच्या हातात काय दिलंस ते?" मामा म्हणाले.

"ते यंत्र हाय, पप्पा. त्याला ऊर्जेचा डबा म्हणतात."

"तीन ताळी?"

वैशाली उठून आत आली आणि मला म्हणाली, "सुमनताई, आज त्यांचं ताट मी नेते." तिनं ताट नेऊन ठेवलं. मामा मांडीवर हात ठेवून बसले. ती उभीच. तिला हे माहीत नव्हतं. मी आतून खूण केली, चमच्याची. तिनं दोनदा वाजवलं. मामांनी गिअर टाकला आणि भाकरी मोडली. ती झोपल्यावर मामा मला हळूच म्हणाले, "आठवत न्हाई म्हणती. खोटं बोलायली. माज्यावर गेलीय." एवढं खूष मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

दिवाळीत ती बदललेला खेळ घेऊन आली. आता त्या यानात डोक्यावर एक दोरी होती. ओढली की घंटी वाजायची. एकदा ओढली तर थांबायला वेळ मिळायचा आणि ते पांढरं माणूस चढायचं. ती बाई अजून तितकीच बोलायची, पण आता "डायवर, निघू या" म्हणायची. मामांनी ते पाच वेळा ऐकलं. "खड्डे टाकले न्हाईत अजून," एवढीच तक्रार केली. आणि आडावर, स्टँडवर, चहाच्या टपरीवर जो भेटेल त्याला सांगत सुटले, "आमची वैशाली खेळ बनवती. आभाळातली एसटी केलीय तिनं." सरपंचांनाही सांगितलं. सरपंच म्हणाले, "तिथं तरी थांबवता का गाडी?" मामा म्हणाले, "आता थांबवतो. या."

माघात त्यांच्या छातीत कळ आली. परभणीला नेलं. दुसऱ्या दिवशी परत आणलं ते टेम्पोतून. वैशाली आली. बुद्धवंदना झाली, हार घालून झाले, त्यांना पुन्हा टेम्पोत ठेवलं. सगळं गाव रस्त्यावर उभं होतं. टेम्पोवाला चालू इंजिनावर बसून होता. निघा म्हणून सांगायचं कोणालाच सुचत नव्हतं. वैशालीनं गर्दीतून माझ्याकडं बघितलं.

मी घरात गेले. त्यांचं ताट आणि चमचा घेऊन बाहेर आले. एवढी माणसं होती आणि सगळी माझ्याकडं बघत होती. एकदाच वाजवावं असं फार वाटलं. एकदा वाजवलं असतं तर ते थांबले असते, असं त्या वेळी मला खरंच वाटलं.

मी दोनदा वाजवलं. टेम्पो हलला.